मनाशी केलेला तह

माझ्या वसतिगृहातील शेजारच्या खोलीत राहणारा एक मुलगा, तालुक्याच्या गावाहून आलेला, गणितात आम्हां सर्वांच्या पुढे असलेला आणि स्वभावाने अतिशय संकोची, तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी आंघोळ आटोपून, इस्त्रीचा सदरा घालून, प्रयोगवही काखेत घेऊन दाराशी उभा असलेला मी पाहिला होता. दहा मिनिटांनी पुन्हा डोकावलो तेव्हा सदरा खुंटीवर लटकत होता, प्रयोगवही टेबलावर पालथी पडली होती आणि तो स्वतः भिंतीकडे तोंड करून, पांघरूण डोक्यावर ओढून निजला होता. "आज बरं वाटत नाही रे, पुढच्या वेळी देईन," एवढेच तो म्हणाला; परंतु त्याचे ताठरलेले खांदे सैल पडलेले पाहून मला वाटले की त्या क्षणी त्याला, निदान तेवढ्यापुरते, फार बरे वाटत असले पाहिजे.

दुखण्याचे मूळ त्या बरे वाटण्यातच होते हे मला पुष्कळ वर्षांनी, मानसशास्त्रावरील ग्रंथ चाळू लागलो तेव्हा उमगले. भीती वाटली, भीतीचे कारण टाळले, आणि टाळताक्षणी छातीवरचा दगड उतरला. मग मनाने अशी खूणगाठ बांधली की टाळणे हाच या भीतीवरचा अक्सीर इलाज. पुढच्या खेपेला भीती थोडी अधिक येते, टाळण्याची ओढही थोडी अधिक होते, आणि असे करता करता परीक्षा, वर्ग, खाणावळीतला गोतावळा, घरून येणारा फोन, एकेक करून सारे वर्ज्य होत जाते. भीती आटोक्यात राहावी म्हणून माणूस आपल्या आयुष्याचा एकेक परगणा तिच्या हवाली करत जातो आणि अखेरीस त्याच्यापाशी एका पलंगापुरती जहागीर उरते.

अशा विद्यार्थ्यांसाठी गेल्या काही दशकांत एक अल्पमुदतीची, गटाने घ्यावयाची उपचारपद्धती रूढ झाली आहे. तिचे नाव मराठीत 'स्वीकार आणि बांधिलकी उपचार' असे करता येईल. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'ॲक्ट' असा शब्द बनतो आणि त्याचा अर्थ 'कृती कर' असा होत असल्यामुळे तिचे पुरस्कर्ते ती अक्षरे सुटी न उच्चारता एकत्रच उच्चारण्याचा आग्रह धरतात. स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने किर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन या सहकाऱ्यांसह 1999 साली तिच्यावरील पहिला सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु तिचा उगम त्याहून वीसएक वर्षे मागे, खुद्द हेज यांच्या स्वतःच्या व्याधीत आहे. 1978 साली आपल्या विभागाच्या एका बैठकीत ज्येष्ठ प्राध्यापकांचा वाद चाललेला असता बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले आणि शब्दच फुटेना. तो त्यांचा भीतीचा पहिला झटका. त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षे त्यांनी त्या झटक्यांना पळवून लावण्यात घालवली, आणि जितके पळवावे तितके ते अधिक येत, हा अनुभव घेऊनच ते या विचारापर्यंत पोहोचले. दुसऱ्याच्या मनाची चिकित्सा करणारा माणूस स्वतःच्या मनाची कैफियत अशी उघडपणे सांगतो, हे मला या पद्धतीविषयी विश्वास वाटण्याचे एक कारण आहे.

मन दाबले की उसळते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पण प्रयोगाने ते पडताळून पाहण्याचे श्रेय मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांना जाते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहा, मात्र पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तो आलाच तर समोरची घंटा वाजवा. कल्पना दोस्तोएव्हस्कीच्या एका प्रवासवर्णनातील ओळीवरून सुचलेली. घंटा वाजतच राहिली. त्याहून महत्त्वाचे असे की पुढे जेव्हा अस्वलाचा विचार करण्याची मुभा मिळाली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्या मनात त्या मानाने कमी. अस्वलाच्या जागी 'मी नापास होणार' हे वाक्य ठेवले, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री अडीच वाजता छताकडे पाहत पडलेल्या मुलीचा प्रश्न पुरता समजतो.

येथे 'स्वीकार' या शब्दाचा खल करणे भाग आहे, कारण मराठी कानाला तो सहजच 'सोसणे' या शब्दाच्या शेजारी जाऊन बसलेला वाटतो. आपल्याकडे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, सोसण्याचे कौतुक इतके झाले आहे की कोणी 'स्वीकार कर' म्हटले की 'तोंड मिटून गप्प बस' हाच अर्थ ऐकू यावा. या उपचाराला तो अर्थ मुळीच अभिप्रेत नाही. वसतिगृहात छळ होत असेल, मार्गदर्शक प्राध्यापक अपमान करत असतील, शिष्यवृत्तीची रक्कम कचेरीत अडकून पडली असेल, तर त्याविरुद्ध तक्रारच केली पाहिजे. स्वीकार करायचा तो परिस्थितीचा नव्हे, तर ती तक्रार लिहिताना हाताला सुटणाऱ्या कंपाचा आणि पोटात पडणाऱ्या खड्ड्याचा. कंप थांबेल तेव्हा अर्ज लिहू, असे म्हणणारा अर्ज कधीच लिहीत नाही. कंपासकट लिहितो त्याचा अर्ज टपालात पडतो. मला यासाठी 'तह' हा आपला जुना शब्द अधिक जवळचा वाटतो. 1665 साली पुरंदरला शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले देऊन तह केला, त्याला शरणागती म्हणण्यास कोणी मराठी माणूस धजावणार नाही, कारण जे राखायचे होते ते राखण्यासाठी तो होता. अर्थात महाराजांनी ते किल्ले पुढे परत घेतले. इथे मात्र भीतीला एकदा दिलेली मनाची ओसरी परत मिळवण्याचा छुपा बेत ठेवून चालत नाही. 'मी तुला स्वीकारतो, म्हणजे तू लवकर जाशील' असा सौदा केला की ती जात नाही. म्हणून उपमा येथेच सोडतो.

मराठी वाचकाला मानसोपचाराची एक परंपरा आधीच परिचित आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1955 साली मांडलेला विवेकनिष्ठ विचार कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवला आणि ठाण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेने, तिचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातून व व्याख्यानांतून, तो घरोघर नेला. 'मला यश मिळालेच पाहिजे' यातील 'च' ला पुराव्यानिशी आव्हान द्या, त्याची उलटतपासणी करा, आणि अविवेकी दावा फेटाळून लावा, ही ती रीत. असंख्य लोकांचे तिने भले केले आहे. स्वीकारवादी उपचार मात्र त्या विचाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभाच करत नाहीत. विचार खरा की खोटा हा वादच ते बाजूला ठेवतात आणि विचारतात की हा विचार मनात असताना, तो तसाच असू देऊन, तुला आज सकाळी काय करायचे आहे? माझ्या मते दोन्ही रीतींना आपापली जागा आहे. परंतु ज्याची बुद्धी तीक्ष्ण आहे आणि वाद घालण्याची हौस दांडगी, अशा विद्यार्थ्याचे मन आपल्याच आव्हानांना उत्तरे देत बसते. पहाटेपर्यंत खटला चालतो, निकाल काही लागत नाही. अशांसाठी खटला काढून घेणे हेच श्रेयस्कर.

विचार आणि आपण यांत अंतर पाडण्यासाठी एक साधा प्रयोग करवतात. एखादा शब्द भरभर, मोठ्याने, अर्धा मिनिट म्हणत राहायचे. शब्दाच्या आवृत्तीने अर्थ गळून पडतो हे मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले होते आणि हेज यांच्या परंपरेत त्यासाठी 'दूध' या अर्थाचा इंग्रजी शब्द रूढ आहे. मी तो मराठीतच करून पाहिला. पहिल्यांदा 'दूध' म्हटले तेव्हा चुलीवरचे पातेले, कडेला जमलेली साय, उतू जाताना येणारा करपट वास, सारे काही हजर झाले. पंधराव्या-विसाव्या उच्चारापाशी पातेले दिसेनासे झाले; तिसाव्याच्या सुमारास 'दू' कोठे संपतो आणि 'ध' कोठे सुरू होतो हेही कळेना, ओठांचा आणि जिभेचा एक खटाटोप तेवढा उरला. मग मी तोच प्रयोग 'नापास' या शब्दावर केला. त्या शब्दाला पातेल्याहून जुन्या आणि जड आठवणी चिकटलेल्या आहेत, आणि त्या पूर्ण गळाल्या असे मी म्हणणार नाही. परंतु तो शब्द म्हणजे तीन अक्षरांचा ध्वनी आहे, फर्मान नव्हे, ही गोष्ट जिभेला कळली.

आपल्या भाषेला हे अंतर मुळात अपरिचित नाही. रामदासांनी दोनशे पाच श्लोक मनालाच संबोधून लिहिले. सांगणारा एक आणि ऐकणारे मन दुसरे, ही मांडणी मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच पाठ करत असे. रामदासांचा हेतू पारमार्थिक होता, या उपचाराचा तो नाही, आणि दोघांना एका माळेत ओवण्याची घाई करू नये. तरी मराठी समुपदेशकाने हे अंतर समजावून देण्यासाठी परक्या रूपकांच्या दारी जाण्याची गरज नाही, एवढे खरे.

हे सारे गटात का करायचे? 1905 साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या वैद्याने आरोग्यधामाचा खर्च न झेपणाऱ्या क्षयरोग्यांचा आठवड्याचा वर्ग सुरू केला, तो स्वच्छता, विश्रांती आणि आहार यांचे नियम अनेकांना एकदमच समजावून देता यावेत म्हणून. आणि त्याच्या ध्यानात आले की नियमांइतकाच एकमेकांच्या सहवासाचाही रोग्यांना आधार होतो. गटोपचाराचा इतिहास लिहिणारे आरंभ येथूनच करतात. विद्यार्थ्याच्या बाबतीत या आधाराला आणखी एक धार आहे. वर्गातला प्रत्येक जण इतरांचे बाहेरचे रूप आणि स्वतःचे आतले रूप यांची तुलना करत असतो, त्यामुळे सगळे सुखात आहेत आणि मीच काय तो मोडका, असा प्रत्येकाचा समज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आठ देशांतील एकोणीस महाविद्यालयांत झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पहिल्या वर्षाच्या सुमारे चौदा हजार विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ 35 टक्के जणांत आयुष्यात केव्हातरी एखाद्या मनोविकाराची लक्षणे आढळून आली होती. म्हणजे तिघांच्या बाकावर सरासरीने एक. आकडा वाचून हा समज जात नाही. शेजारच्या खुर्चीवरचा, सुवर्णपदकाचा मानकरी ठरू पाहणारा मुलगा "मला पण रात्री असंच होतं" म्हणतो तेव्हा जातो.

असा गट साधारणपणे आठ ते बारा जणांचा असतो आणि येथे बोललेले येथेच राहील हे पहिल्याच बैठकीत ठरते. फार व्याख्यान होत नाही. हातांनी, पायांनी काही करून पाहण्यावर भर असतो. ऑस्ट्रेलियातील वैद्य आणि लेखक रस हॅरिस यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला एक प्रयोग असा. मनाला छळणारे विचार कागदावर लिहून ते एका फाइलीत घालायचे आणि ती दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर, नाकाला टेकेल अशी धरायची. समोरचे माणूस दिसत नाही, खोली दिसत नाही, दिसतो तो निव्वळ पुठ्ठा. आता ती दूर ढकला, हात कोपरांत न वाकवता, जितकी लांब जाईल तितकी, आणि तशीच धरून ठेवा. एका मिनिटात दंड भरून येतात, मनगटे थरथरू लागतात. अशा अवस्थेत कोणी म्हणाले की चहा घे, पुस्तकाचे पान उलट, मैत्रिणीचा हात हातात घे, तर कशाने घेणार? हात त्या ढकलण्यातच गुंतलेले. शेवटी सांगतात, ठेव ती मांडीवर. फाइल तिथेच असते, तिचे वजन मांडीला जाणवते, आतले कागद एकही कमी झालेले नसतात. पण हात मोकळे झालेले असतात.

दुसरा प्रसिद्ध खेळ बसचा. एक जण चालक होतो, बाकीचे उतारू. उतारूंच्या हातांत चालकानेच लिहून दिलेल्या चिठ्ठ्या असतात आणि ते त्या मोठ्याने वाचत राहतात. मराठी मुलांच्या गटात त्या चिठ्ठ्यांवर काय येईल हे सांगायला फार कल्पकता लागत नाही: 'बाबांनी कर्ज काढलंय, विसरू नकोस.' 'तुझं इंग्रजी ऐकून सगळे हसतील.' 'ताईला सगळं जमलं, तुलाच जमत नाही.' चालक गाडी थांबवून उतारूंशी हुज्जत घालू लागला की गाडी जागीच उभी राहते. त्यांना गप्प करण्यासाठी ते म्हणतील त्या फाट्याला वळवली की शांतता मिळते, पण गाव भलतेच लागते. तेव्हा आरडाओरडा चालू असतानाच गाडी नेमक्या गावाला न्यायची. हे गाव कोणते, याची विचारणा या उपचाराचा अर्धा भाग आहे आणि माझ्या मते अधिक मोलाचा अर्धा भाग. पदवी हे गाव नव्हे, नोकरी हेही नव्हे. तुला कशा प्रकारचा माणूस म्हणून जगायचे आहे, कशाची आस्था वाटते, कोणासाठी वेळ द्यावासा वाटतो, असे ते प्रश्न आहेत. आमच्या पिढीला ते कोणी विचारले नाहीत. दहावीच्या गुणांवरून शाखा ठरली, बारावीच्या गुणांवरून महाविद्यालय, आणि आज विशीतला मुलगा जेव्हा या प्रश्नापाशी बराच वेळ गप्प बसतो, तेव्हा ती शांतता गटाने मोडू नये, असे मला वाटते.

या रीतीची कसोटी पाहणाऱ्यांत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील संशोधकांचा उल्लेख अवश्य करायला हवा. सीमॉ ग्रेग्वार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील 144 विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसे निवडून अडीच-अडीच तासांच्या चार बैठका दिल्या. उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे बैठकांना बसलेल्यांचा ताण, चिंता आणि खिन्नता इतरांच्या तुलनेने कमी झाली, स्वास्थ्य वाढले आणि अभ्यासातील सहभागही. दहा तासांचा हा हिशेब पाहून हुरळून जाऊ नये. ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्याशी केलेली तुलना ही सोपी तुलना असते, एकूण अभ्यासांतून दिसणारा लाभ बेताचाच आहे, आणि जुन्या विचार-वर्तन उपचारांपेक्षा ही रीत सरस आहे असे सिद्ध झालेले नाही. पण सत्राचे आठवडे मोजके, परीक्षा तोंडावर, सुट्टीत सगळे गावी पांगलेले, अशा विद्यार्थी जीवनात चार बैठका पुऱ्या होऊ शकतात, चाळीस होत नाहीत. उपचार कितीही उत्तम असला तरी रोगी मध्येच उठून गेला तर त्याचा काय उपयोग?

आणखी एका प्रयोगाची मला विशेष आस्था वाटते, कारण घरापासून दूर शिकणाऱ्या मराठी मुलांशी त्याचे नाते आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या सत्तर जपानी विद्यार्थ्यांना या पद्धतीवरील स्वयंसाहाय्याचे पुस्तक जपानी भाषांतरात वाचायला दिले गेले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाचकांचे मनःस्वास्थ्य सुधारल्याचे दिसले. परदेशी विद्यापीठात इंग्रजीतून शोधनिबंध लिहिणारा मुलगासुद्धा रात्री घाबरतो तो आईच्या भाषेत. म्हणून धीरही त्याच भाषेतून मिळाला तर तो लवकर पोहोचतो.

आपल्या घरची स्थिती सांगताना हात जड होतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत वर, 1,764. जो विद्यार्थी जीव देण्याच्या विचारापाशी येऊन ठेपला आहे त्याला गटाच्या बैठकीची वाट पाहायला लावू नये; त्याला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे, आणि 14416 हा टेलिमानसचा शासकीय दूरध्वनी रात्री-अपरात्रीही उचलला जातो हे प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे. गट आहे तो त्या टोकाला पोहोचण्याच्या पुष्कळ आधीच्या मुलांसाठी, जी वर्गात हजर असतात, गुणही मिळवतात आणि आतून थकत जातात.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक तरी पात्र समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला आहे. नेमणुकीची तजवीज झाली तरी तीन हजार मुलांच्या महाविद्यालयात एकटा समुपदेशक आठवड्याच्या वीस तासांत, प्रत्येकाला एक तास धरला तर, वीस जणांना भेटेल. तेवढ्याच वेळात अडीच तासांच्या आठ गटांतून ऐंशी जणांना. गटोपचार हा काटकसरीचा दुय्यम माल आहे असे मात्र कोणी समजू नये. शेजारच्या खुर्चीवरून मिळणारे "मला पण" हे दोन शब्द तज्ज्ञाच्या बंद खोलीत मिळत नाहीत.

शेवटच्या बैठकीत पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा एक जाड कागद प्रत्येकाला देण्याची प्रथा कित्येक ठिकाणी आहे. एका बाजूला, नेहमी छळणारे वाक्य स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे; उलटवून दुसऱ्या बाजूला, आपल्याला कशाची आस्था आहे ते. एका बाजूचा मजकूर फाडून टाकायचा म्हटला तर दुसरी बाजूही फाटते, म्हणून तो कागद तसाच खिशात ठेवायचा असतो. तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर, नाव पुकारले जाण्याची वाट पाहत उभे राहिले की बोटांना त्याच्या कडा लागतात.